मरू शकणारा वेताळ

कोपरी म्हणजे ठाणे स्टेशनची पूर्व बाजू. ऐंशीच्या दशकात आम्ही तिथे वाढलो, तेव्हा सुपरहिरो रद्दीच्या दुकानात मिळायचे. दुकानदार दोरीवर कॉमिक टांगून ठेवायचा आणि दिवसाच्या भाड्याने द्यायचा. पान फाटलं की डिपॉझिट गेलं. म्हणून चौघा-पाचजणांत मिळून एकच अंक आणायचा आणि जिन्यात डोक्याला डोकं लावून वाचायचा. सावकाश वाचणाऱ्याला शिव्या बसायच्या.

पहिला मान अर्थातच वेताळाचा. ली फॉक यांचा हा फॅन्टम मूळ १९३६चा. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्सनी १९६४ पासून त्याचे अंक काढले आणि मराठीत तो वेताळ झाला. बिचाऱ्याकडे शक्ती अशी काहीच नाही. उडता येत नाही, गोळी लागली तर मरेल. अख्खं जंगल समजतं की हा चारशे वर्षं जिवंत आहे. प्रत्यक्षात बापामागून मुलगा असं चालत आलेलं ते घराणं, हा एकविसावा, आणि आधीचे वीसही कवटीगुहेत पुरलेले. गुंडाला हे ठाऊक नाही. कोपरीच्या जिन्यात बसलेल्या आम्हाला मात्र ठाऊक! त्यामुळे गुंडाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटला की तो आमच्याही हातचा वाटायचा, आणि बंदूक रोखली गेली की पान उलटायची भीती वाटायची.

पुढे कोपरी कॉलनीतल्या सिंधी मित्राच्या घरी हिंदी राज कॉमिक्सचा गठ्ठा सापडला. नागराज १९८६चा, सुरुवातीच्या अंकांची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची, अमर चित्रकथेतला तोच कसलेला हात. गुन्हेगारांचं हत्यार म्हणून घडवलेला हा माणूस आधी फार आवडला. मग त्याच्या शक्ती वाढतच गेल्या. संकट मोठं झालं की अंगातून आणखी एक नवा नाग निघणार, हे आम्ही आधीच ओळखायला लागलो आणि पानं भराभर उलटू लागली. सुपर कमांडो ध्रुवचं तसं नव्हतं. अनुपम सिन्हांचा हा सर्कशीत वाढलेला पोरगा. हाताशी जे असेल त्यावर आणि शाळेतल्या विज्ञानावर सुटका करून घ्यायचा. तो अडकला की आम्हीही डोकं चालवायचो. अमिताभला नायक करून काढलेला ‘सुप्रीमो’ही याच दशकातला. पण अमिताभ हरणार कसा? प्रश्नच मिटला.

नोकरीला लागल्यावर, २००४ साली, ‘स्पायडर-मॅन इंडिया’ आला. मुंबईचा पवित्र प्रभाकर, भीमकाका, मायाकाकू, धोतरावर कोळ्याचा पोशाख. मी हौसेने घेतला. गावाकडून शिष्यवृत्तीवर शहरात आलेला, कपड्यांवरून टिंगल सोसणारा मुलगा ही सुरुवात खरंच चांगली होती. पण इथे कोळी चावतच नाही. एक योगी येतो आणि शक्ती देऊन जातो. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांच्या १९६२च्या गोष्टीत तो कोळी कुणालाही चावला असता, पीटर पार्करला चावला हा निव्वळ योगायोग. म्हणून तर वाचणाऱ्या प्रत्येक पोराला ती आपली गोष्ट वाटते. योग्याने निवडलेला मुलगा आधीच कुणीतरी खास असतो. बाकी काका-काकूंसकट मूळ कथेचीच छापील नक्कल. मालिका चार अंकांत आटोपली.

तोच पवित्र २०२३च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये परत भेटला. केसांवर भारी प्रेम, सगळं सोपं वाटतंय असा तोरा. थिएटरात पोरं टाळ्या पिटत होती. मग पूल कोसळतो, आणि त्याच्या मैत्रिणीच्या वडिलांना वाचवायचं काम माइल्सला, दुसऱ्याच स्पायडर-मॅनला, करावं लागतं. पवित्रला सगळं जमत नाही हे तेव्हा कळतं. चार अंकांत जे साधलं नव्हतं, ते या एका प्रसंगात साधलं.