शहापूरचे माग, गोकाकचे पाणी

लग्न होऊन मी निपाणीला गेले तेव्हा पहिले काही महिने मला रात्री झोप लागत नसे. घर नवे, माणसे नवी, हे तर होतेच. पण खरे कारण वेगळे होते. तिथे माग वाजत नव्हते. शहापूरच्या आमच्या गल्लीत सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत घराघरातून खटक-खटक आवाज चालायचा. त्या आवाजातच आम्ही पोरे अभ्यास करायचो, भांडायचो आणि झोपायचो. आता माहेरी गेले की उलटे होते. गल्ली शांत असते आणि त्या शांततेने जाग येते.

गेल्या पावसाळ्यात अप्पांचा फोन आला. फोनवर ते फार बोलत नाहीत, पन्नास वर्षे मागाजवळ काढल्याने कान गेले आहेत. ‘‘सोमवारी भंगारवाला येणार हाय. दोन माग राहिल्यात, तेवढे देऊन टाकतो. त्याच्या आधी येऊन जा,’’ एवढे बोलून जरा थांबले आणि म्हणाले, ‘‘आणि एकदा गोकाकला जाऊन येऊया.’’

गोकाकला कशाला, ते सांगितले नाही.

बाहेरच्या माणसाला शहापूर म्हणजे कपिलेश्वराच्या पलीकडचे बेळगावच वाटते. पण १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत शहापूर हे सांगली संस्थानचे गाव होते. पटवर्धनांचा अंमल इथे आणि इंग्रजांचा पलीकडे. विणकरांच्या पेठा, सराफी, खडेबाजार हे सगळे त्या जुन्या दिवसांपासूनचे. आजोबा खड्डामागावर लुगडी विणत. पाय खड्ड्यात, हातात धोटा, दिवसभर पाठ वाकलेली. अप्पांनी १९७२ साली कर्ज काढून इचलकरंजीहून दोन जुने यंत्रमाग आणले. प्रत्येकाला एक हॉर्सपॉवरची मोटार. त्या वर्षीच्या खंडेनवमीला धोट्याबरोबर मोटारींनाही हळदकुंकू वाहिले गेले. आजोबांनी लांबूनच हात जोडले; मोटारीला ते शेवटपर्यंत शिवले नाहीत.

रविवारी भाच्याने गाडी काढली. अंकलगीच्या रस्त्याने साठेक किलोमीटरचा प्रवास. पाऊस उघडला होता, दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच काळ्या रानात सोयाबीन. अप्पा पुढच्या सीटवर धोतर सावरून बसले होते आणि रस्त्यालगतच्या विजेच्या तारांकडे बघत होते. तारा कुठे वळतात, कुठला फाटा कुठे जातो, असे काहीतरी मनात मोजत असावेत.

धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो, असे सगळेच लिहितात. अप्पांना तो ऐकू आला नाही, पायांना कळला. गाडीतून उतरल्यावर ते म्हणाले, ‘‘जमीन हलालीय बघ. शंभर माग एका टायमाला लावल्यासारखी.’’ सह्याद्रीतून आलेली घटप्रभा इथे एका रुंद काळ्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. पावसाळ्यात पाणी तांबूस, चहासारखे. वर दोनशे मीटर लांबीचा झुलता पूल, काठावर महालिंगेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ, आणि खाली दरीत, तुषारांच्या धुक्याआड, वीजघर.

आशिया खंडात पाण्यावर वीज पहिल्यांदा तयार झाली ती इथे, १८८७ साली, असे गोकाककर अभिमानाने सांगतात. दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगचे वीजघर १८९७ चे आणि कावेरीवरच्या शिवसमुद्रचे १९०२ चे. त्या दोन्ही गावांचाही आपापला मान आहेच. पहिल्या नंबरच्या भांडणात मला रस नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की गोकाकचे हे पाणी गिरणीसाठी कामाला लावले गेले. आमच्या भागात पाण्याचे बळ पहिल्यांदा राबले ते सुतासाठी.

अप्पा कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत होते. मग माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, ‘‘पाणी पडतंय ते दिसतंय. तार वर जातीया ते बी दिसतंय. मधी काय होतंय ते सांग. तू मास्तरीण होतीस न्हवं? पन्नास वर्षं बिल भरलंय मी. काय विकत घेतलं ते तरी कळू दे.’’

मी एकतीस वर्षे हायस्कूलला विज्ञान शिकवले. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाची व्याख्या फळ्यावर किती वेळा लिहिली असेन त्याला गणती नाही. घरातल्या माणसाने मात्र ती कधी विचारली नव्हती, आणि मीही आपण होऊन कधी सांगितली नव्हती. आमच्या घराची चूल ज्यावर चालली ती गोष्ट मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत राहिले.

धबधब्याशेजारी, कान गेलेल्या माणसाला ओरडून काय सांगणार? देवळाच्या ओवरीत जाऊन बसलो. अप्पांच्या कोटाच्या खिशात एक रिकामी कांडी निघाली. (त्यांच्या खिशात ती नेहमीच असते. कोणाच्या किल्ल्या असतात तशी.) ती हातात धरून मी म्हटले, ‘‘अप्पा, हिच्यावर सुताऐवजी तांब्याची तार भरली असं समजा. तिच्या पोटातून लोहचुंबक आत-बाहेर केलं की तारेत वीज येते. चुंबक नुसतं आत ठेवून दिलं तर काही येत नाही. हलतंय तोवर वीज. थांबलं की संपलं.’’

‘‘आणि ते हलवायचं काम पाण्याचं.’’

‘‘हां. पाणी चक्र फिरवतं, चक्राबरोबर चुंबक फिरतं, भोवती तारेच्या गुंडाळ्या असतात.’’

एवढेच. पण ही एवढीशी गोष्ट सापडायला मायकेल फॅरडेला वर्षे लागली. लंडनजवळच्या एका लोहाराचा हा मुलगा, लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. विजेपासून चुंबकत्व मिळते हे तेव्हा माहीत झाले होते. मग चुंबकापासून वीज का मिळू नये, हा त्याचा ध्यास. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंना तारेच्या दोन वेगवेगळ्या गुंडाळ्या घेतल्या. एकीला बॅटरी, दुसरीजवळ होकायंत्रासारखी सुई. बॅटरी जोडताना सुई हलली आणि लगेच जागेवर आली. वीज चालू असेपर्यंत सुई ढिम्म. बॅटरी काढताना पुन्हा हलली, पण उलट बाजूला. वीज देतो तो बदल, हे त्याला इथे दिसले. रस्त्याच्या खांबावर गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर म्हणजे फॅरडेचे ते कडेच, फक्त मोठे केलेले. आपल्या विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते, म्हणून तिथे बदल कधी थांबतच नाही.

आणि एक गोष्ट मी अप्पांना मुद्दाम सांगितली. त्या काळी वार्निश दिलेली तार बाजारात मिळत नव्हती. एका वेढ्याची तार दुसऱ्याला चिकटू नये म्हणून फॅरडेने मध्ये सुतळी घातली आणि थरांमध्ये सुती कापड गुंडाळले. त्या कापडाला इंग्रजीत कॅलिको म्हणतात, आपल्या कालिकतवरून पडलेले नाव.

अप्पांनी कांडी माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली. ‘‘म्हंजे पयल्या मोटारीत बी कापड होतं,’’ ते म्हणाले. मोटार नव्हती ती, पण मी दुरुस्त केले नाही.

मोटारीचे त्यांना माझ्याहून जास्त कळते. वाइंडिंग जळाले की ते रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात दिवसभर बसून राहत. मोटारीच्या आतल्या फिरत्या गोळ्याला बाहेरून एकही तार जोडलेली नसते, हे कोडे त्यांना तेव्हापासून होते. त्याचेही उत्तर हेच. भोवतालच्या गुंडाळ्यांतले चुंबकत्व गरागरा फिरते, त्या बदलाने गोळ्यातल्या सळ्यांमध्ये आपोआप वीज उपजते, आणि तो त्या फिरत्या चुंबकत्वामागे ओढला जातो. स्पर्श नाही, तरी ओढ आहे. ‘‘मला वाटायचं, आमच्या रिवाइंडिंगवाल्यालाच ठाऊक नाही,’’ अप्पा हसले.

करदंट घेऊन परत निघालो. पाच्छापूरचा फाटा मागे पडला आणि अप्पांनी दुसरा प्रश्न काढला, ‘‘मग रेडिओ?’’

आमच्या घरी रेडिओ मागांच्या आधीचा. तेव्हा त्याचे लायसन्स पोस्टात भरावे लागे. सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. मराठीसाठी सांगली, गाण्याच्या बैठका ऐकायला धारवाड. काटा थोडा सरकवला की भाषा बदलायची. माग आल्यावर या रेडिओत करकर सुरू झाली. कोणाच्याही घरात स्टार्टरचे बटण दाबले की आमच्या रेडिओत ‘कर्र’. आई वैतागायची. अप्पांनी मात्र त्यातून एक विद्याच काढली. कर्र आधी, खटक-खटक नंतर. म्हणजे शेजाऱ्याने मोटार चालू केली, आता दांडा ओढणार.

१९८३ च्या उन्हाळ्यात एका रात्री ती करकर थांबेचना. गल्लीतले सगळे माग बंद, फक्त आमचा एक चालू. अप्पा ट्रान्झिस्टर हातात घेऊन घरभर फिरले. देवघराजवळ आवाज कमी, मागाजवळ जास्त, मेन स्विचजवळ कान फाटतील एवढा. माग बंद करून, स्विच पाडून झाकण काढले तर आत एक स्क्रू ढिला, भोवतीचे काळे पडलेले, आणि खाली सुताच्या गाठोड्यांची चळत. पाठच्या खोलीत आम्ही पाच भावंडे झोपलो होतो. सकाळी आईने त्या रेडिओला ओवाळले.

रेडिओने तेव्हा काय पकडले, हे मी अप्पांना गाडीत सांगितले. फॅरडेला चुंबकाच्या बदलातून वीज मिळाली. जेम्स मॅक्सवेलने गणिताने दाखवले, की विजेच्या बदलातूनही चुंबकत्व उपजते. मग एकातून दुसरे, दुसऱ्यातून पहिले, अशी साखळी तारेला सोडून मोकळ्या जागेत पुढे पळू लागते. वीज एका दिशेत डोलते, चुंबकत्व तिच्याशी काटकोनात, आणि लाट दोघांशी काटकोनात पुढे जाते. ‘‘ताणा-बाणा,’’ अप्पा म्हणाले. तसेच, फक्त इथे सूत नाही आणि कापड सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळते. मॅक्सवेलने १८६५ साली हा वेग काढला तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला. म्हणजे प्रकाश हीदेखील तीच लाट. ती वाहायला हवा लागत नाही, म्हणून सूर्याचे ऊन आपल्यापर्यंत पोचते.

ही लाट प्रत्यक्ष दाखवली जर्मनीत हाइनरिश हर्ट्झने, १८८७ सालीच. एका टोकाला विजेची ठिणगी पाडली, तर खोलीत दूर ठेवलेल्या तारेच्या उघड्या कड्यात इवलीशी ठिणगी उमटली. आमच्या मेन स्विचमध्ये त्या रात्री हर्ट्झचाच प्रयोग चालला होता. ठिणगीत लहानमोठ्या अनेक लांबींच्या लाटा एकदम उसळतात, त्यामुळे काटा कुठेही असो, करकर येते. सांगलीची लाट मात्र एका मापाची, १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे २४० मीटर लांब. आमच्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण एक लाट मावायची.

शाळेची सहल घेऊन मी एकदा नारायणगावजवळच्या खोडदला गेले होते. तिथे आणि आसपास डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकतात. आत जाताना सगळ्यांना मोबाईल बंद करायला लावले. माणसांची करकर जिथे कमी, अशी जागा शोधूनच त्यांनी ते गाव निवडले. मुलांना अँटेनांचे कौतुक वाटले. मला आमचा स्विच आठवला.

सोमवारी भंगारवाला आला. बिडाचा दर वेगळा, पत्र्याचा वेगळा, तांब्याचा सगळ्यात वर. माग सुटे करायला तासभर लागला, १९७२ सालापासून जे उभे होते ते. तराजूवर चढताना अप्पा घरात गेले नाहीत, तिथेच उभे राहून वजन बघत होते. दोन मोटारींपैकी एकच त्यांनी दिली. दुसरी पोत्यात बांधून भाच्याच्या गाडीत ठेवायला लावली. ‘‘तुझ्या निपाणीच्या शाळेत ने,’’ म्हणाले, ‘‘पोरास्नी उघडून दाव. आतल्या गोळ्याला तार नसते ते दाव.’’

गाडी सुरू झाली तशी खिडकीजवळ येऊन त्यांनी पुन्हा बजावले, ‘‘उघडताना वार्निश खरवडू नका. अजून चालू हाय ती.’’