मळसूत्र

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी मी टिकल्यांची बंदूक उघडली आणि संध्याकाळपर्यंत ती काही परत मिटली नाही. चाप ओढला की टिकल्यांचा लाल रोल बरोबर एक टिकली पुढे कसा सरकतो, एवढंच मला पाहायचं होतं. पत्र्याचे दोन भाग वेगळे झाले, स्प्रिंग उडाली आणि कपाटाखाली नाहीशी झाली. इचलकरंजीचे मामा तेव्हा घरी आले होते. लेथवर आयुष्य गेलेला माणूस. ते रागावले नाहीत. बॉलपेनची स्प्रिंग बेतून त्यांनी आत बसवली, पक्कडीनं पत्र्याचे कान वळवले आणि बंदूक माझ्या हातात देत म्हणाले, "उघडायचं खुशाल. पण कुठला तुकडा कुठनं निघाला ते डोक्यात ठेवायचं. जोडता आलं तरच कळलं म्हणायचं बघ."

पुढे नोकरीनं तोक्योला नेलं. निशिकसाईत घर, आसपास आपलीच पुष्कळ माणसं. एका रविवारी उएनोच्या आमेयोको बाजारात एका दुकानाच्या काचेआड रांगेनं मांडलेल्या पिस्तुलांसमोर मी थबकलो. काही काळी, काही लखलखीत सोनेरी. जपानी लोक त्यांना 'मॉडेलगन' म्हणतात. यातून गोळी कधीच सुटत नाही, छर्रेसुद्धा नाहीत. आतली यंत्रणा मात्र बरीचशी मूळ हत्यारासारखी चालते. आणि काडतुसात घालायची असते एक टिकली! आपल्या दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण, ७ मिलिमीटरची.

सोनेरी रंगाचं कोडं दुकानदारानं उलगडलं. १९७१ साली जपाननं कायदा केला की धातूची नकली पिस्तुलं पांढरी किंवा पिवळीच असावीत आणि त्यांची नळी बुजवलेली असावी. १९७७ साली नियम आणखी कडक झाले. म्हणून काळी दिसतात ती पिस्तुलं बहुधा प्लॅस्टिकची. खरं हत्यार माणसाचं काय करतं, याची मला लहानपणापासून धास्ती आहे. ती बुजवलेली नळी पाहिली आणि मन निर्धास्त झालं. घड्याळ उघडावं तसं हे उघडता येईल, असं वाटलं.

पहिली खरेदी १८७३च्या कोल्ट सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती. नव्यानं संग्रह करणाऱ्याला मी आजही हेच सांगतो, की सुरुवात रिव्हॉल्व्हरनं करा. तिचा बराचसा कारभार उघड्यावर चालतो. अंगठ्यानं घोडा सावकाश मागे ओढला की चार खटके ऐकू येतात. पहिल्या खटक्याला घोडा काडतुसापासून जरा दूर थांबतो. दुसऱ्याला चक्र मोकळं फिरू लागतं. काडतुसं भरायची ती इथे. तिसरा खटका चक्राच्या खाचेत बसणाऱ्या खिळीचा आणि चौथ्याला घोडा पुरता चढतो. घोड्याला जोडलेला एक छोटा पंजा वर सरकताना चक्राच्या दात्याला ढकलतो आणि सहा घरांचं चक्र बरोबर ६० अंश फिरतं. माझ्या लाल रोलला एक टिकली पुढे सरकवणारा पंजाही याच कुळातला. तीस वर्षांनी उत्तर मिळालं होतं.

चुकाही झाल्या. स्क्रूच्या खाचेत नीट न बसणारा पेचकस वापरला आणि खाच कायमची ओरबाडली गेली. टिकल्या फोडून बंदूक तशीच ठेवून दिली, तर महिन्याभरात आतून गंज धरला. टिकलीची राख धातू खाते. तेव्हापासून फोडलं की त्याच रात्री साबणाच्या पाण्यानं धुवायचं, पुसायचं, तेल द्यायचं. वस्तू घराबाहेर काढायची नाही, कुणावर रोखायची नाही, खेळातही नाही.

संग्रह वाढला तो यंत्रणेच्या हिशेबानं. जर्मन सैन्यानं १९०८ साली घेतलेलं ल्यूगर हवं होतं त्याच्या 'गुडघ्या'साठी. पाय ताठ असला की सगळं वजन पेलतो, जरा वाकला की क्षणात दुमडतो. ल्यूगरची मागची कळ अशीच आहे. अमेरिकेच्या १९११च्या ब्राउनिंगच्या पिस्तुलात हेच काम खाली झुकणारी नळी करते. स्फोटाचा जोर ओसरेपर्यंत नळीचं मागचं दार घट्ट मिटलेलं हवं, मग उघडायला हवं. प्रश्न एकच, उत्तरं निराळी.

ते दार मला शेवटी तानेगाशिमा बेटावर घेऊन गेलं. कागोशिमाहून बोटीनं गेलो, निशिनोओमोते गावातलं बंदुकांचं संग्रहालय पाहिलं. १५४३ साली भरकटलेल्या जहाजातून पोर्तुगीज इथे उतरले. बेटाचा तरुण सरदार तोकिताका यानं त्यांच्याकडून दोन तोड्याच्या बंदुका विकत घेतल्या आणि लोहार याइता किन्बे याला तशीच एक घडवायला सांगितलं. जपानमधली बंदूक सुरू झाली ती अशी, प्रतिकृतीपासून. नळी जमली, चाप जमला. अडलं नळीचं मागचं तोंड बंद करायला. तिथे मळसूत्र होतं, आणि आटे पाडणं या लोहाराला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी आलेल्या पोर्तुगीजांकडून ते शिकायला मिळालं, अशी तिथली कथा. त्या चापाची रचना युरोपातल्या बंदुकांपेक्षा गोवा-मलाक्काकडच्या बंदुकांशी जवळची आहे, असं काही अभ्यासक मानतात. पोर्तुगीजांनी गोवा घेतला होता १५१० साली. काचेपलीकडची ती जुनी नळी मला एकदम ओळखीची वाटली.

परतल्यावर मामांना व्हिडिओ कॉल केला. आता त्यांचे हात थरथरतात. लेथ केव्हाच विकलं. मी फोटो दाखवत किन्बेची गोष्ट सांगितली. त्यांनी चश्मा वर केला. "बाहेरचे आटे ठीक आहे, कानशीनं पडतील. नळीच्या आतले कसे पाडले रे त्यानं?"

मला हा प्रश्नच पडला नव्हता. त्या काळात तिथे ना आटे पाडणारं लेथ, ना टॅप.

मामा बराच वेळ गप्प होते. मग हवेतच बोटं फिरवत म्हणाले, "आधी मळसूत्र घडवायचं. ते नळीत घालायचं. नळी लाल तापवायची आणि वरनं ठोकत फिरायचं. आत आटे उठतात. मग पिळून बाहेर काढायचं."

जपानी बंदुकांच्या अभ्यासकांनी हीच रीत मांडली आहे, हे मी नंतर वाचलं. इचलकरंजीत खाटेवर बसून मामांनी ती बंदूक हात न लावता उघडली होती आणि परत जोडलीही होती.