त्याच शेतातलं काड

वरून उडत येणाऱ्या हंसाला जमिनीवर लपलेला माणूस आधी सावलीवरून कळतो, मग चेहऱ्यावरून. रंगाची पाळी सगळ्यात शेवटी येते. हे मला ज्यांनी शिकवलं आणि ते शिकवता शिकवता परक्या मुलखात माणसांत आणून बसवलं, ते कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातले एक शेतकरी. आमची मुलं त्यांना आजोबा म्हणतात. नाव छापलेलं त्यांना रुचणार नाही, म्हणून मीही इथे आजोबाच म्हणतो.

मी मूळचा बार्शीकडचा, कोरडवाहू ज्वारीच्या घरातला. डाळींच्या खरेदीच्या आणि प्रतवारीच्या कामासाठी सस्कॅचवानला गेलो. कॅनडातली बहुतेक मसूर याच प्रांतात पिकते आणि तिच्यातली पुष्कळशी भारतात येते. तिथल्या विद्यापीठाने 1978 साली ‘लेअर्ड’ हे वाण दिलं आणि गव्हाच्या त्या मुलखात मसुरीने पाय रोवले. आजोबांनी ती सुरुवातीच्या काळातच पेरली होती, पण खाल्ली कधी नव्हती. माझ्या बायकोने केलेली आमटी त्यांनी दोनदा मागून घेतली. तिथून येणंजाणं सुरू झालं.

आमचं गाव लास्ट माउंटन लेकच्या उत्तर टोकापासून जवळ. तळ्याचा हा भाग 1887 सालीच पक्ष्यांसाठी राखून ठेवला गेला. उत्तर अमेरिकेतलं ते केंद्र सरकारने राखलेलं पहिलं पक्षी अभयारण्य. सप्टेंबर सरत आला की उत्तरेकडून हंसांचे थवे उतरू लागतात. रात्र पाण्यावर काढायची आणि सकाळ-संध्याकाळ कापणी झालेल्या शेतांत सांडलेलं धान्य टिपायला जायचं, हा त्यांचा क्रम. शिकार होते ती या शेतांत. आणि शेत म्हणजे नजर पोहोचेल तिथवर सपाट. ना बांध, ना झुडूप. अशा उघड्यावर लपायचं ते ‘लेआउट ब्लाइंड’मध्ये. हलक्या धातूच्या सांगाड्यावर ताणलेलं मातकट कापड, आत उताणं पडायचं, डोकं किंचित उचललेलं, अंगावर दोन झडपा. पक्षी टप्प्यात आले की झडपा दोन्हीकडे उघडून उठून बसायचं. आजोबांच्या तरुणपणी लोक शेतात माणूस मावेल एवढे खड्डे खणत आणि शिकार झाली की बुजवत. त्या मानाने हा ब्लाइंड म्हणजे चैन, पण खड्डा जमिनीच्या आत असतो आणि ब्लाइंड वर. तेवढी वीतदोन वीत उंची लपवणं हीच सगळी विद्या.

नवा ब्लाइंड आणला की आजोबा आधी त्याची चकाकी मारायचे. बादलीत शेतातली माती पातळ कालवायची, जुन्या झाडूने कापडावर फासायची आणि उन्हात वाळू द्यायची. माझी आई अंगण सारवताना हाताची जशी कमान काढायची, तसाच त्यांचा झाडू फिरायचा. वाळल्यावर सुटी माती झटकली तरी शिवणींत आणि धाग्यांत जी बसली ती कायमची. “हा धुवायचा नाही,” ते बजावून सांगत, “कधीच नाही.” अंगातले कपडेसुद्धा झळाळी आणणाऱ्या साबणाने धुवायचे नाहीत. पक्ष्यांना आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून कळलं होतं कोण जाणे, पण घरात साबण कुठला आणायचा ते त्यावर ठरत असे.

मग काड. ब्लाइंडच्या कापडावर पट्ट्या शिवलेल्या असतात, त्यांत काड खोचायचं. ते त्याच शेतातलं हवं. गेल्या आठवड्यात दुसरीकडून भरून आणलेलं काड पावसाने करडं पडलेलं असतं आणि आजचं शेत अजून पिवळं. जमिनीवरून फरक जाणवत नाही, वरून डाग दिसतो. एकाच जागचं उपटायचं नाही, नाहीतर तिथे टक्कल पडतं. मी पहिल्यांदा उपटायला बसलो तेव्हा आजोबा हातातलं काम ठेवून बघत राहिले. आमच्याकडे ज्वारी निघाली की आई चुलीसाठी धसकटं वेचायला जायची आणि आम्ही पोरं तिच्या मागे असायचो. मूठ बुडाशी धरायची, किंचित पिळायची, माती पायावर झटकायची. हाताला ते आपोआप आलं. “तू शेतातला आहेस,” ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांची माझ्याशी बोलण्याची तऱ्हाच बदलली.

त्यांची रीत कुणालाही लगेच पटणारी नव्हती, कारण ते ब्लाइंड गाडीतून काढायच्या आधी माणसाला नुसत्या जमिनीवर आडवं व्हायला लावत. “इथे झोप. काय दिसतं?” उंचसखल कुठे आहे, यंत्राने काडाच्या ओळी कुठल्या दिशेने सोडल्या आहेत, वारा कुठून येतोय, हे पाठीला कळू द्यायचं. हंस वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, म्हणून वारा आपल्या डोक्याकडून पायांकडे वाहायला हवा. मग पक्षी समोरून येतात. ब्लाइंड शक्यतो ओळीच्या अंगानेच ठेवायचा. काड खोचताना वरच्या बाजूला ते शेतात उभं असतं तसं उभं ठेवायचं. कडांना सुटं भुसकट असं लोटायचं की भिंत उरता कामा नये, नुसता उतार हवा. उभी भिंत सावली पाडते आणि कोवळ्या उन्हात ती सावली ब्लाइंडपेक्षा लांब असते. हौसेने जास्त भरणाऱ्यांवर ते चिडत. दाट काडाचा ढीग आजूबाजूच्या विरळ शेतात काळा दिसतो. सगळं झालं की सत्तरी ओलांडलेला हा माणूस गाडीच्या टपावर चढायचा आणि वरून बघायचा. आम्ही खाली, मान वर करून, निकालाची वाट बघत. बहुतेक वेळा बोट दाखवून एखादा कोपरा पुन्हा करायला लावत.

सगळ्यात अवघड मसुरीचं शेत. मसूर जमिनीलगत कापतात, मागे काहीच उभं राहत नाही. हंस मात्र तिथेही येतात, वाटाण्याच्या शेतात तर हमखास. तिथे आजोबा शेताच्या मधोमध लपायचा हट्ट सोडून देत आणि एखादी तणाची पट्टी नाहीतर शेतातून वेचलेल्या दगडांची रास शोधत. “जमीन जे देत नाही ते तिच्याकडे मागायचं नाही,” म्हणत आणि गाडी पुढे काढत.

ऑक्टोबरमधली एक सकाळ मला फार जवळची आहे. बार्लीचं शेत, दहिवर गोठलेलं. पाय पडेल तिथे काळी वाट उमटते म्हणून आम्ही मागच्या बाजूने एकामागून एक, एकाच पाऊलवाटेने आलो होतो. थवा दोनदा घिरटी घालून गेला. अशा वेळी वर बघायची अनिवार इच्छा होते आणि वर वळलेला चेहरा त्या उजेडात लख्ख दिसतो. मी टोपीच्या कडेखालून फक्त कानांनी बघत होतो. मग पंखांचा आवाज थांबला, म्हणजे त्यांनी पंख ताणले. बंदुकीत तीनच गोळ्या भरायची कायद्याची मर्यादा आहे, छर्रे शिशाचे चालत नाहीत. ते सगळं तयार होतं. उठायची खूण आजोबांनी करायची. ती त्यांनी केलीच नाही. हंस उतरले, चालू लागले, त्यांतला एक माझ्या झडपेपर्यंत आला आणि मी खोचलेल्या काडातली बार्लीची लोंबी ओढून ओढून खाऊ लागला. त्याच्या चोचीची दातेरी कड मला दिसत होती. लोंबी संपवून तो निघून गेला. परतताना आजोबा एवढंच म्हणाले, “आज काम चांगलं झालं होतं.”

शिकार म्हटलं की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, आणि ते योग्यच आहे. भारतात 1972 च्या कायद्याने वन्यजीवांना जे संरक्षण दिलं ते मला मनापासून मान्य आहे. उजनीवर येणारे पट्टकादंब दुर्बिणीतूनच बघावेत. तिकडची गोष्ट वेगळी आहे. तिथे हंस उदंड आहेत, परवाना लागतो, दिवसाची मर्यादा असते आणि मारलेला पक्षी वाया घालवणं हा गुन्हा आहे. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. तिला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारलं, “ज्याचं शेत, त्याच्या घरी वाटा जातो ना?” जातो. साफ केलेला पहिला पक्षी शेतमालकाच्या दारात पोहोचवल्याशिवाय आजोबा घरी येत नसत.

त्यांनी माझ्याकडून एक डॉलर घेतला नाही. माझ्यासाठी आणलेल्या ब्लाइंडचे पैसे विचारले तर विषय बदलायचे. पण सगळ्यात मोठं देणं वेगळंच आहे. तिथे दुसऱ्याच्या शेतात जायचं तर आदल्या संध्याकाळी पक्षी कुठे बसलेत ते हेरून मालकाच्या दारी परवानगी मागायला जावं लागतं. आजोबा मला त्या प्रत्येक दारात घेऊन गेले. टोपी काढून म्हणायचे, “हा माझ्याबरोबर असतो. उद्या मी नसलो तरी यायचा.” आज त्या पट्ट्यात मी कुठल्याही अंगणात गाडी लावू शकतो. कुणाच्या घरी बारसं असो की दफन, मला निरोप येतो. या एका वाक्याची परतफेड कशात करायची हे मला सुचलेलं नाही, आणि ते त्यांना बोलूनही दाखवता येत नाही. लगेच हात झटकतात.

आता त्यांनी शेती खंडाने दिली आहे, खुब्याचं हाड बदललंय, मुक्काम गावातल्या वृद्धाश्रमात. पहाटेची थंडी डॉक्टरांनी बंद केली आहे. संध्याकाळच्या पाहणीला मात्र कुणाची हरकत नाही. या सप्टेंबरात त्यांना गाडीत पुढे बसवून तळ्याच्या बाजूने न्यायचं ठरलं आहे. पूर्वेच्या वाटाण्याच्या शेतात यंदा दगडांची रास हलवली आहे, हे मी परवा फोनवर सांगितलं, तेव्हापासून त्यांनी दोनदा विचारलंय: कुठे हलवली, आणि तिच्याभोवती तण उगवलंय का?