आईने पाहिलेले म्हैसूर

म्हैसूरला बदलून येऊन मला सहा वर्षे झाली होती. या सहा वर्षांत राजवाडा किती वेळा पाहिला असे कोणी विचारले असते, तर आकडा सांगणे मला कठीण गेले असते. स्वतःसाठी किती वेळा पाहिला असे विचारले असते, तर उत्तर सोपे होते. एकदाही नाही. महाराष्ट्राबाहेर, आणि त्यातून प्रेक्षणीय गावी, बिऱ्हाड करणाऱ्याच्या नशिबी पाहुणे असतातच. पहिल्या दिवशी राजवाडा, प्राणिसंग्रहालय आणि चामुंडीची टेकडी, दुसऱ्या दिवशी श्रीरंगपट्टण आणि परतताना वृंदावन बाग, असा माझा ठरीव कार्यक्रम होता. कचेरीत जुन्या फायलीवर नवा शेरा मारावा, तितक्याच उत्साहाने मी तो पार पाडीत असे.

२०२४ सालच्या जानेवारीत आई आली, तेव्हा तिच्यासाठीही मी हीच फाईल उघडली. वडील जाऊन वर्ष होत आले होते. सावंतवाडीचे घर बंद करून तिने कायमचे आमच्याकडे यावे, असे माझ्या मनात होते. तिच्या मनात काय होते ते तिने सांगितले नव्हते. दोन दिवसांत तिने सगळे पाहिले, चामुंडेश्वरीपुढे ओटी ठेवली, वृंदावनातली कारंजी पाहून "छान आहे हो" म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत लसूण सोलता सोलता तिने विचारले, "हे झालं पाहुण्यांचं. तू कुठं जातोस?"

मी कचेरी म्हणालो, बाजार म्हणालो, बँक म्हणालो. पुढे काही आठवेना.

सुरुवात घराच्या दारातूनच झाली. आम्ही राहतो तो भाग कुवेंपुनगर. जवळच्या रस्त्याला पंचमंत्र रस्ता म्हणतात. पाटी पाहून आईने विचारले, "कसले रे पाच मंत्र?" सहा वर्षे कुवेंपुनगर हा पत्ता लिहिणाऱ्या मला ते ठाऊक नव्हते. शेजारच्या निवृत्त शिक्षकांना विचारले. ते चहा ठेवायला सांगून सावकाश बसले आणि एकेक बोट मोडीत त्यांनी सांगितले: मनुजमत, विश्वपथ, सर्वोदय, समन्वय आणि पूर्णदृष्टी. हा विचार कुवेंपूंचा. कुवेंपू म्हणजे कुप्पळी वेंकटप्पा पुट्टप्पा, १९०४ ते १९९४. कन्नडला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारे महाकवी. 'उदयरवी' हे त्यांच्या घराचे नाव. तेही इथल्या एका रस्त्याला दिलेले आहे. आई म्हणाली, "म्हणजे यांचे कुसुमाग्रज म्हणायचे." शिक्षकांना कुसुमाग्रज ठाऊक नव्हते. मग आईने सावकाश बसून त्यांना सांगितले. भाषा कुठली वापरली ते विचारू नये. पण दोघांचेही समाधान झालेले दिसले.

त्यानंतर आमचे रविवार ठरून गेले. सौभाग्यवती आणि मुलगा झोपेत असताना आम्ही दोघे निघत असू. घरापासून फार लांब नाही असे लिंगांबुधी तळे आहे. मुम्मडी कृष्णराज वोडेयरांनी आपल्या राणीच्या स्मरणार्थ १८२८ साली ते बांधविले. एका रविवारी कुकरहळ्ळीच्या तळ्यावर गेलो. तेही याच राजाच्या कारकिर्दीतले, पण १८६४ सालचे. तिथे झोळीसारख्या चोचीचे पेलिकन पाहून आई लहान मुलासारखी हसली. परंतु तिचे मन बसले ते लिंगांबुधीवरच. काठावर बसून ती पाण्याकडे पाही आणि मधूनच म्हणे, "आपला मोती तलाव याहून नेटका, पण इथं गलबला कमी." वाडीच्या बाहेरचे काही पाहून तिने केलेली एवढी मोठी स्तुती माझ्या ऐकण्यात नाही. हे पाणी तिला इथे धरून ठेवील, असा हिशेब मी मनातल्या मनात मांडू लागलो होतो.

देवराज मार्केट मला ठाऊक होते ते भाजीपुरते. आईने तिथली फुलांची गल्ली शोधून काढली. माळणी गजरा मोजतात तो कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. या मापाला 'मोळ' म्हणतात. आईने सर्वांत उंच माळीण हेरली, तिच्याकडूनच म्हैसूर मोगरा घ्यायचा असे ठरविले. "हात लांब, तेवढा गजरा लांब," असे तिचे गणित. ती स्वतः आता गजरा माळीत नाही. घ्यायचा तो सुनेसाठी.

प्राच्यविद्या संशोधनालय आम्ही बाहेरूनच पाहिले, कारण रविवार होता. आर. शामशास्त्रींना १९०५ साली इथे ताडपत्रांत कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' सापडले आणि १९०९ मध्ये त्यांनी ते छापून जगापुढे आणले. तोवर या ग्रंथाचे नाव आणि इतरांनी घेतलेले उतारे तेवढे लोकांना माहीत होते. सरकारी नोकर पैसा खातो त्याचे चाळीस प्रकार त्यात दिले आहेत, हे मी आईला सांगितले. "तुला किती येतात?" असे तिने विचारले. कारकुनाला आईकडूनही सुटका नाही.

त्याच सुमारास निवडणूक लागली. मला मतदानकेंद्रावर जायचे होते. मतदाराच्या बोटाला लावायची न पुसणारी शाई म्हैसुरातच होते. नाल्वडी कृष्णराज वोडेयरांनी १९३७ साली रंग आणि लाखेचा कारखाना काढला, आणि १९६२ च्या निवडणुकीपासून त्याच कारखान्याची शाई देशभर जाते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. उजेड लागला की ते कातडीवर काळे पडते आणि धुऊन जात नाही. २०२४ साली सव्वीस लाखांहून अधिक बाटल्या इथून गेल्या. बन्नीमंटपाच्या बाजूला त्या कारखान्याचे फाटक आहे. पाहण्यासारखे फाटकच, आत सोडीत नाहीत. आई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "इथलं मतदान सव्वीस एप्रिलला. आमचं सात मेला. माझं नाव वाडीच्या यादीत आहे."

मी काही बोललो नाही. घरी येऊन बेळगावच्या गाडीचे तिकीट काढले. पुढे आंबोलीच्या घाटाने बस. पावसाआधी घराची कौलेही चाळायची आहेत, असे तिने नंतर सांगितले. ते परतीच्या तिकिटाविषयी होते हे मला कळले.

जाण्यापूर्वीच्या रविवारी मी तिला जगनमोहन राजवाड्यात नेले. तिथल्या चित्रशाळेत समईच्या उजेडात उभ्या असलेल्या एका स्त्रीचे चित्र आहे. एका हाताने तिने दिवा धरला आहे, दुसऱ्या हाताने ज्योत झाकली आहे, आणि बोटांतून लाल प्रकाश चेहऱ्यावर येतो. शेजारी कोणीतरी आपल्या मंडळींना 'राजा रविवर्मा' म्हणून सांगत होते. हा समज सर्रास आढळतो. रविवर्मा वारले १९०६ साली. हे जलरंगातले चित्र १९४५-४६ मधले, सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. आणि हळदणकर सावंतवाडीचे. दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. लग्नानंतरच्या त्या गीता उपळेकर २०१८ साली, शंभरी ओलांडून, कोल्हापुरात निवर्तल्या.

ही हकीकत मी मुद्दाम वाचून ठेवली होती, आणि आई किती हरखेल याची मनाशी कल्पनाही केली होती. आपल्या वाडीच्या माणसाचे चित्र या गावाने असे जपले आहे, तेव्हा तूही राहा, इतके सगळे मला त्यातून सुचवायचे होते. आईने शांतपणे ऐकून घेतले. चित्राजवळ जाऊन तिने त्या झाकलेल्या हाताकडे पाहिले.

"बापानं पोरीला किती वेळ उभं केलं असेल रे," ती म्हणाली. "हात पोळला असेल."

बाहेर येऊन आम्ही ऊस-रस प्यालो. मग ती त्या चित्राबद्दल बोलली नाही, मीही राहा म्हणालो नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. सात तारखेच्या संध्याकाळी शाईच्या बोटाचा फोटो फोनवर आला.

जुलैत पाऊस लागला. एके रात्री फोनवर तिने आधी नातवाची शाळा विचारली, मग सुनेचा खोकला, आणि शेवटी म्हणाली, "आपलं तळं भरलं का रे?" मोती तलावाविषयी ती मला कशाला विचारील? ती गेल्यापासून मी लिंगांबुधीवर फिरकलोही नव्हतो. "भरलं," असे म्हणून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे छत्री घेऊन पाहायला गेलो. पाणी काठाला लागायला अजून हातभर उरले होते. संध्याकाळी फोन करून तिला तसे सांगितले.