पगारी वेडे

आमच्या कळंबात वेड्या माणसाला पगारी नोकरी मिळायची एकच जागा होती, ती म्हणजे बेंजो पार्टी. पगारही लग्नसराईपुरताच. एरवी हीच माणसं जिनिंगात गठाणी उचलायची, कपडे शिवायची, मोटारी दुरुस्त करायची आणि चारचौघांसारखी वागायची. लग्नाच्या तिथ्या सुरू झाल्या की त्यांच्यात फरक पडायचा.

बाहेरगावचे लोक कळंबला येतात ते चिंतामणीसाठी. पायऱ्या उतरून जमिनीखालच्या देवळात जातात, कुंडातलं पाणी डोळ्यांना लावतात आणि यवतमाळची नाहीतर वर्ध्याची गाडी पकडतात. त्यांच्या कानात कळंबची घंटा राहत असेल. आम्हा पोट्ट्यांच्या कानात अहुजाच्या भोंग्यातून फाटून येणारा बेंजो होता.

ते वाद्य मी पहिल्यांदा जवळून पाहिलं बेंजोमास्तरांच्या दुकानात. मास्तर धंद्यानं शिंपी. कापडाच्या कटपिसांखाली एक लांबट लाकडी पेटी झाकून ठेवलेली असायची. वर टाइपरायटरसारख्या गोल किल्ल्या, खाली पोलादी तारा. डाव्या हातानं किल्ली दाबली की तिची पट्टी तारेला पडद्यावर टेकवते, आणि उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. मास्तरांची नखी तेलाच्या डब्याच्या झाकणातून कापलेली होती. ती हरवली की ते नवी कापत आणि मास्तरीणबाईंचा एक डबा उघडा पडत असे. किल्ल्यांच्या वाद्यात मींड येत नाही, सूर पायऱ्या उतरल्यासारखा टपटप उतरतो. मास्तरांना हे मान्य नव्हतं. किल्ली दाबून धरून ते खुंट्यांकडची उरलेली तार अंगठ्यानं रेटायचे, आणि सूर असा कण्हायचा की समोर बसलेलं गिऱ्हाईक ब्लाऊजचं माप विसरून जाई.

हा बेंजो मूळचा नागपूरचाही नाही आणि मुंबईचाही नाही, हे मला फार उशिरा कळलं. जपानातल्या नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता नावाच्या वादकानं तिकडच्या दोन तारांच्या वाद्याला टाइपरायटरच्या किल्ल्या जोडल्या. तायशो राजवटीचं ते पहिलं वर्ष, म्हणून नाव पडलं तायशोगोतो. घरी बसून हळू वाजवायचं, संगीत न शिकलेल्यालाही जमावं असं ते वाद्य. पुढे ते जपानबाहेर पसरलं. बलुचिस्तानात त्याचा बेंजू झाला आणि तिथल्या वादकांनी त्याला मैफलीत बसवलं. आपल्याकडे दुकानात ते बुलबुलतरंग म्हणून मिळतं आणि रस्त्यावर बेंजो म्हणून वाजतं. खऱ्या अमेरिकी बॅंजोशी त्याचं काडीचं नातं नाही. दिवाणखान्यासाठी जन्मलेल्या या बापड्याला पिकअप बसवून, बॅटरी आणि भोंगा जोडून मे महिन्याच्या उन्हात हातगाडीवर उभं करायचं, ही मात्र आपली करामत.

मास्तरांची अट एकच. फर्माईश करणाऱ्यानं गाण्याचा संगीतकार सांगायचा. वऱ्हाडी मंडळी दहाची नोट नाचवत यायची आणि मास्तर नखी वर धरून विचारायचे, “संगीतकार कोन हाय, ते सांग आधी.” नवरदेवाचा मामा असला तरी सुटका नव्हती. एका वरातीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल की कल्याणजी-आनंदजी यावर इतका वाद पेटला की मुहूर्त टळायची वेळ आली आणि भटजी स्वतः चालत वरातीपर्यंत आले.

सगळ्यात जास्त पंचाईत ‘नागीन’ची. ती धून वाजल्याशिवाय विदर्भात लग्न लागलंच नाही असं समजतात. रुमालाचं टोक दातांत धरून कुणीतरी डांबरावर लोळल्याशिवाय वरात पुढे सरकत नाही. १९५४चा तो सिनेमा, संगीत हेमंतकुमारांचं. लोक झोकात सांगायचे, “पुंगी वाजवा मास्तर, पुंगी!” त्यावर मास्तर थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत, की पुंगी नाही, ते क्लेव्हायोलिन, आणि वाजवलं कल्याणजींनी, बरोबर रवीची हार्मोनियम. हे खरंही आहे. म्हणजे पुंगीची नक्कल विजेच्या पेटीनं केली, त्या पेटीची नक्कल जपानी बेंजोनं, आणि त्यावर नवरदेवाचा मित्र नाग झाला. यात अस्सल काय म्हणाल तर पँटीला लागलेलं डांबर.

मास्तरांच्या पुढ्यात ताशावाला. तो अख्खी वरात उलटा चालायचा. तोंड मास्तरांकडे, पाठ रस्त्याकडे. मास्तरांच्या भुवया पाहिल्याशिवाय त्याला ठेका बदलता येत नसे. बसस्टँडपासून देवळापर्यंतचा प्रत्येक खड्डा त्याच्या टाचांना पाठ होता. परगावच्या सुपाऱ्यांना आदल्या दिवशी सायकलनं जाऊन तो रस्ता चालून यायचा, तोही उलटा. तिथली कुत्री त्याला विसरली नसतील.

भोंगा सांभाळणारा माणूस खरा तर ऑटो इलेक्ट्रिशियन. माइक हाती आला की तो गावाच्या बातम्या द्यायचा. कोणाची म्हैस सुटली, कोणाकडे कापसाचे पैसे आले, कोणाची मुलगी दहावीला पहिली आली. नवरीच्या बापाचं नाव तो हमखास चुकवी, म्हशीची माहिती मात्र बिनचूक असे. आणि खुळखुळा वाजवणारा एक हडकुळा पोरगा, जो ओवाळलेल्या नोटा दातांनी उचलायचा आणि खुळखुळा क्षणभरही थांबवायचा नाही. त्याला मास्तरांइतकाच वाटा मिळे. का, असं मी विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, “लोक पाहाले कोनाले येतेत?”

पुढे मी शिकायला मुंबईला गेलो. तिथे धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव भरत होता. पोरं घामाघूम होऊन माना हलवत, ‘रॉक मशीन’ बँडच्या नावानं ओरडत. तिथेच कोणीतरी मला नंदू भेंड्यांबद्दल सांगितलं. आत्माराम भेंड्यांचा मुलगा, १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडास झालेला आणि पुढे पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’तही रॉकचा गळा घेऊन उभा राहिलेला मराठी गायक. ऐकून छाती फुगली. आमच्या वसतिगृहातही एक बँड निघाला. केस वाढले, काळे शर्ट आले, आणि सबमिशनच्या आठवड्यात केस कापले गेले. मला राहून राहून ताशावाल्याची आठवण यायची. त्याला सबमिशन नव्हतं.

सुट्टीत मी मास्तरांना इलेक्ट्रिक गिटारचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

“याले किल्ल्या नाहीत?”

“नाहीत जी.”

“मंग लाइट गेल्यावर कसं वाजवतेत?”

लाइट गेल्यावर ती वाजतच नाही, हे सांगायचं मी टाळलं.

सन २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर भोंगा बंद. रंगभवनाला शेजारची रुग्णालयं आणि कॉलेज भोवली, शांतता क्षेत्र म्हणून तिथलं संगीत थांबलं. कळंबच्या वराती मात्र दहाच्या आत देवळाशी पोचायला शिकल्या. बेंजोला नियमांनी काही केलं नाही. त्याला आधी कॅसिओनं मागे सारलं, मग ऑक्टापॅडनं. रोलँड कंपनीनं १९८५ मध्ये काढलेली ती आठ चौकोनांची पाटी आमच्याकडे बरीच उशिरा आली, पण आली ती ताशा, ढोल, खुळखुळा सगळं पोटात घेऊनच. खुळखुळ्याचा आवाज आला, दातांनी नोटा उचलणारा पोरगा गेला. नागपूरकडून धुमाल आणि संदल पार्ट्यांच्या गाड्या येऊ लागल्या. त्यांच्यात दम आहे, हे मी मान्य करतो. ट्रकवर उभं राहून तासन् तास नाशिक ढोल बडवणं येरागबाळ्याचं काम नाही. डीजेबद्दल मात्र मला चांगलं काही सुचत नाही. पेनड्राइव्ह खोचून मोबाइल बघत बसणाऱ्या माणसाला विक्षिप्त व्हायला वाव तरी कुठे आहे?

रवी जाधवांचा ‘बॅंजो’ सिनेमा २०१६ मध्ये आला, तेव्हा मास्तरांना यवतमाळला नेऊन दाखवावा असं मनात होतं. त्यांनी आधी संगीतकार विचारला. विशाल-शेखर म्हटल्यावर म्हणाले, दोघं असले की एक खाते आन् एक वाजवते. आले नाहीत.

ब्रिटिशांच्या काळातली शकुंतला नावाची गाडी यवतमाळपर्यंत आली, पण कळंबनं रेल्वे पाहिली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, वर्ध्याहून. मास्तर आता थकलेत, दुकान मुलाकडे आहे. मी गेलो की ते मला स्टेशनकडे चालायला नेतात. गाडीत बसायची त्यांना हौस नाही. भोंगा ऐकायला जातात. गिरणीचा घरघराट, एसटीचा हॉर्न, जिनिंगचं यंत्र, सगळ्यांचे सूर त्यांनी आयुष्यभर लावून ठेवले आहेत, आणि पांढरी दोन की काळी चार ते न विचारता सांगतात. परवा इंजिननं भोंगा दिला, एक जाड सूर आणि एक बारीक, दोन्ही एकदम. मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“दोन्ही भांडून राह्यले आपसात,” ते म्हणाले. “संगीतकार कोन हाय याचा?”