पॉइंट पुण्यात, पुण्य तुळजापुरात

हॉटेलच्या कार्डावर साठलेले पॉइंट कुठे उडवायचे? गोव्यात की दुबईत? आमचे उडाले तुळजापूरच्या वाटेवर. आई-बाबांसोबतच्या एका ट्रिपचा हा चोख हिशेब...

आपल्या पिढीच्या पाकिटात नोटा कमी आणि कार्डं जास्त. मॉलचं, पेट्रोल पंपाचं, विमान कंपनीचं आणि कामानिमित्त चार गावं फिरत असाल तर हॉटेलचंही. चेक-इन करताना रिसेप्शनवरची मुलगी गोड आवाजात विचारते, ‘मेंबर आहात का?’ आपण नंबर सांगतो, किल्ली घेतो आणि विसरून जातो. वर्षभराने अ‍ॅप उघडावं तर आत पंचवीस-तीस हजार पॉइंट पडलेले! मग ग्रुपमध्ये चर्चा सुरू. गोवा मारायचा की थेट दुबई?

आमच्या घरी या प्रश्नाचं तिसरंच उत्तर निघालं. दादाचं लग्न झालं होतं. नव्या जोडीला कुलदैवताला न्यायचं, गोंधळ घालायचा, हे ठरलेलंच. प्रश्न होता आईच्या गुडघ्यांचा. मुंबईहून तुळजापूर म्हणजे साधारण साडेचारशे किलोमीटर. एका दमात तेवढं बसणं तिला झेपणारं नव्हतं. तरी तिचंच टुमणं चालू होतं, ‘अजून पायऱ्या उतरता येतायत, तोवर जाऊन येऊ.’ हे ‘तोवर’ ऐकलं की पोटात कालवतं. म्हणून गोवा कॅन्सल. वर्षभर एका क्लायंटसाठी दर महिन्याला हैदराबादला जाऊन मी जमवलेले पॉइंट या ट्रिपच्या नावे लिहिले. आईची एकच अट होती : तुळजापुरात हॉटेल नाही. आपल्या पुजाऱ्यांच्याच घरी उतरायचं.

हा पॉइंटचा फंडा आहे काय?

ही कल्पना विमानवाल्यांची. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१मध्ये ‘अ‍ॅडव्हांटेज’ सुरू केलं आणि दोनच वर्षांत, १९८३मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियट यांनीही आपापल्या योजना आणल्या. गणित सोपं आहे. भाजीवाल्याची कोथिंबीर निदान उद्या सकाळपर्यंत टिकते. हॉटेलची आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकताच येत नाही. ती पॉइंटवर दिली तर हॉटेलचं फार काही जात नाही, वर गिऱ्हाईक बांधलेलं राहतं. शिवाय आपण थेट त्यांच्याकडे बुकिंग केलं की बुकिंग साइटचं कमिशन वाचतं. म्हणूनच बहुतेक साखळ्यांमध्ये दुसऱ्या साइटवरून खोली घेतली तर पॉइंट मिळत नाहीत. हा नियम पहिला पाठ करा.

दुसरा नियम : पॉइंट म्हणजे मुदत ठेव नव्हे. त्यावर व्याज मिळत नाही, उलट त्याची किंमत घसरते. मॅरियटने २०१६मध्ये स्टारवूड विकत घेतली, २०१९मध्ये एकत्र योजनेचं नाव ‘बॉनव्हॉय’ ठेवलं आणि २०२२मध्ये खोलीला किती पॉइंट लागतील याचा ठरावीक तक्ताच काढून टाकला. आता पॉइंटचा दरही तारखेनुसार वर-खाली होतो. त्यात सलग २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर पॉइंट गायब! प्रत्येक साखळीची ही मुदत वेगळी असते, ती एकदा बघून ठेवा. आपल्याकडच्या योजनांत हिशेब जरा सोपा आहे. ताजच्या योजनेतला न्यूकॉइन किंवा आयटीसीचा ग्रीन पॉइंट म्हणजे ढोबळमानाने एक रुपया.

बुधवारची देवी, मंगळवारची खोली

माझं ज्या साखळीचं कार्ड आहे, तिच्या अ‍ॅपमध्ये ‘तुळजापूर’ टाकलं. एकही हॉटेल नाही. ‘धाराशिव’ टाकलं. शून्य. ‘उस्मानाबाद’ टाकून पाहिलं. तरी शून्य. (सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून पडलेलं ‘उस्मानाबाद’ हे नाव जाऊन अधिकृतपणे ‘धाराशिव’ झालं ते २०२३मध्ये.) नकाशा मागे सरकवत नेला तेव्हा माझे पॉइंट चालणारं हॉटेल सापडलं थेट पुण्यात. सोलापूरच्या वाटेवर, आईचे पाय मोकळे करायला अगदी योग्य ठिकाणी. प्लॅन झाला. जाताना एक रात्र पुणे, एक रात्र तुळजापूर, येताना पुन्हा एक रात्र पुणे.

आता वार कोणता? इथे खरी गंमत आहे. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार, रविवार सुटीचा. या तीन दिवशी आणि पौर्णिमेला तुळजापुरात मुंगीला शिरायला जागा नसते. म्हणजे दर्शनाला निवांत दिवस बुधवार-गुरुवार. आणि पुण्यातल्या बिझनेस हॉटेलांचं नेमकं उलटं. तिथे सोमवार ते गुरुवार कंपन्यांची माणसं, त्यामुळे दर चढे. शनिवार-रविवार खोल्या स्वस्त.

हे आकड्यांत बघा. मंगळवारी खोली होती ७,००० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी (साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५पासून हाच दर आहे) धरून ७,३५०. तीच खोली पॉइंटमध्ये १२,२५०. म्हणजे एका पॉइंटचे ६० पैसे झाले. त्याच हॉटेलात शनिवारचा दर होता करासकट ४,८३० रुपये किंवा ११,५०० पॉइंट. म्हणजे एका पॉइंटला फक्त ४२ पैसे. खोली तीच, बिछाना तोच, पण शनिवारी पॉइंट उडवणारा दर पॉइंटमागे १८ पैसे गमावतो.

थोडक्यात सूत्र असं : रोख दर करासकट घ्या, पॉइंटने भागा. आकडा मोठा असेल तेव्हा पॉइंट वापरा, लहान असेल तेव्हा पैसे भरा. आठवड्याच्या मधल्या दोन-तीन सुट्ट्या टाकणं जिवावर येतं खरं. पण देवीही निवांत भेटते आणि पॉइंटही वसूल होतात.

आई-बाबा आणि मी एका खोलीत, एक्स्ट्रा बेड लावून. दादा-वहिनींची खोली दादाच्या खर्चाने (लग्न त्याचं झालंय!). आदल्या दिवशी फोन करून लिफ्टजवळची खोली मागून घेतली. मेंबर असलात तर अशी विनंती सहसा मोडत नाहीत, पण त्यासाठी तोंड उघडावं लागतं.

चांदीची पायरी, सोन्याची पायरी

बॉनव्हॉयमध्ये वर्षाला १० रात्री राहिलात की सिल्व्हर, २५ रात्रींना गोल्ड, ५० रात्रींना प्लॅटिनम. पायरी चढली की उशिरा चेक-आउट, बरी खोली, वरच्या पायरीवर ब्रेकफास्ट असं काय काय मिळतं. आपल्यासारख्यांनी यात एकच पथ्य पाळावं : पायरीसाठी म्हणून रात्री विकत घेऊ नयेत. ऑफिसच्या खर्चाने झाल्या तर उत्तम (आधी ऑफिसचा नियम बघा). २०२३मध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियटसोबत क्रेडिट कार्डही आणलं. अशी कार्डं कामाची आहेत, पण महिन्याचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच. थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागलं की फुकटची रात्र फार महागात पडते.

आणि हो, पायरी दर वर्षी नव्याने चढायची असते. यंदा फिरलो नाही की पुढच्या वर्षी आपण पुन्हा जमिनीवर.

वहीतले मेंबर

सोलापूर मागे पडलं की पाऊण-एक तासात, ४५ किलोमीटरवर, तुळजापूर. बालाघाटच्या डोंगरातलं गाव. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना हळदी-कुंकवाच्या राशी, बांगड्या, कवड्यांच्या माळा, परड्या. इथलं मंदिर चढून जायचं नसतं, उतरून जायचं असतं. महाद्वारातून आत शिरलं की पायऱ्या खाली खाली जातात. वाटेत कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ. बुधवार असल्याने आई एकेक पायरी कठड्याला धरून सावकाश उतरली. मागून कुणी ढकललं नाही. माझ्या दृष्टीने या ट्रिपचा सगळ्यात मोठा रिवॉर्ड हाच.

ही देवी निद्रा घेते. वर्षातून तीनदा. नवरात्राआधी, दसऱ्यानंतर आणि पौष महिन्यात मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. नवरात्राच्या श्रमांनंतर पौर्णिमेपर्यंत विश्रांती. जिथे देवीच्याच मुक्कामाची एवढी काळजी, तिथे भक्तांच्या मुक्कामाची नसेल तर नवल.

आमचा मुक्काम पुजाऱ्यांच्या घरी. तुळजापुरात भोपे आणि पाळीकर अशी पुजाऱ्यांची घराणी आहेत आणि यजमान कुटुंबं पिढ्यान् पिढ्या आपापल्या पुजाऱ्यांकडे उतरतात. खोली साधीच. सतरंजी, गाद्या, भिंतीवर देवीचा फोटो, तीन कुटुंबांत मिळून एक न्हाणीघर आणि पहाटे बंबातलं पाणी. वहिनी जरा बावरली होती. एवढ्यात काकू आल्या, पण त्यांनी आमच्याकडे ओळखपत्र मागितलं नाही. त्यांनी विचारलं, ‘मूळ गाव कोणतं तुमचं?’

गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आतून लाल कापडात गुंडाळलेली वही आली. पानं उलटत काकू थांबल्या त्या माझ्या आजोबांच्या नावावर. त्याच्या वर पणजोबा, मोडीत. बाबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. आजोबांची वळणदार सही बाबांनी त्यांच्या जुन्या पासबुकानंतर आज पहिल्यांदा पाहिली होती. दादाचं लग्न नोंदवलं गेलं, वहिनीचं माहेर लिहिलं गेलं. मग काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ‘तुझं नाव काय गं? पूर्वी मुलींची घालत नव्हते. आम्ही आता घालतो.’ आणि आईचंही विचारलं. तोवर आई त्या वहीत नुसती ‘सौ.’ होती.

संध्याकाळी अंगणात गोंधळ उभा राहिला. संबळ, तुणतुणं, दिवटीचा उजेड. आई खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती.

रात्री गादीवर पडल्या पडल्या मनात तुलना झालीच. बहुतेक हॉटेल योजनांच्या नियमांत लिहिलेलं असतं, की पॉइंट ही तुमची मालमत्ता नाही, कंपनी नियम कधीही बदलू शकते. या वहीत मात्र पणजोबांनी मिळवलेलं खातं माझ्यापर्यंत आलं होतं. मध्ये बारा वर्षं आमच्यातलं कुणी इकडे फिरकलं नव्हतं, तरी ते बंद पडलं नव्हतं. अर्थात इथे लिफ्ट नाही, एसी नाही आणि शॉवरही नाही. आईच्या गुडघ्यांना पुण्यातली ती मऊ गादी हवीच होती. दोन्ही खात्यांचा उपयोग वेगळा आहे, इतकंच.

(तुमचे पुजारी ठरलेले नसतील तर मंदिर संस्थानचं भक्तनिवास आहे. पुजाऱ्यांकडे उतरलात तर दक्षिणा, शिधा आणि पूजेचा खर्च आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. संकोच कसला त्यात?)

येता येता नळदुर्ग

गुरुवारी पूजा आटोपून लगेच पुण्याकडे पळू नका. तुळजापूरहून तासाभरात नळदुर्गचा किल्ला गाठता येतो. बोरी नदीवर बांध घालून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला पाणी महाल इथे आहे. महाल बांधाच्या पोटात आणि पाऊस चांगला झाला असेल तर त्याच्या अंगावरून कोसळणारे नर आणि मादी हे दोन धबधबे. इथून सोलापूर-हैदराबाद हायवे हाताशीच आहे, म्हणजे परतीचा रस्ताही सोपा.

एक दिवस जास्त असेल तर धाराशिवजवळचं तेर. गोरा कुंभारांचं गाव म्हणून आपण ओळखतो, पण हेच जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून. इथला माल भडोचच्या बंदरापर्यंत जायचा. म्हणजे या जिल्ह्यात कामानिमित्त मुक्काम करणारी माणसं दोन हजार वर्षांपासून येतायत. आपण काही पहिले नाही!

जाता जाता

बुकिंग थेट करा. करासकट हिशेब मांडा. मुदत तपासा. पॉइंट पुरत नसतील तर एक रात्र पॉइंटवर, एक पैशांनी, असं तोडून घ्या. आणि पॉइंट जिथे चालतात तिथेच फिरायला जायचं, हा हट्ट सोडा. आधी जायचं ठिकाण ठरवा, मग पॉइंट त्या वाटेवर कुठे बसतात ते शोधा.

पुण्यातल्या दुसऱ्या रात्री आई नऊ वाजताच झोपली. सकाळी म्हणाली, ‘पाय दुखत नाहीयेत गं आज.’ खात्यात आता जेमतेम दोनेक हजार पॉइंट उरलेत. ते पुन्हा साठतील. बाबांनी मात्र पुढच्या वर्षीचे सगळे बुधवार आताच मोजून ठेवलेत.