भटारखान्याच्या बाजूने

जुनी डायनिंग कार बघायला आलेला माणूस आत शिरला की त्याचे पाय आपोआप टेबलांकडे वळतात. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, चांदीच्या मुलाम्याचे जड चमचे, मोठमोठ्या काचा, पितळी दिवे. त्यात गैर काहीच नाही. ती खोली माणसाला बोलावून घेण्यासाठीच बांधलेली असते. मी मात्र अशा डब्याचं काम हाती घेतलं की दुसऱ्या टोकाने सुरुवात करतो. आधी भटारखाना. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका रेल्वे संग्रहालयाच्या शेडमध्ये मी हे काम करतो. जसजसे डबे हाताखालून गेले तसतसं माझं मत पक्कं होत गेलं, की दुरुस्ती करणाऱ्याने आपली सगळ्यात चांगली मेहनत पाहुण्यांच्या नजरेआड असलेल्या त्या चिंचोळ्या जागेला द्यावी.

सध्या ज्या डब्यावर काम चालू आहे तो १९२०च्या दशकातला, पूर्ण पोलादी बांधणीचा. त्या पिढीच्या डब्यांना इथे ‘हेवीवेट’ म्हणतात. लांबी साधारण ८० फूट, वजन ८० टनांच्या आसपास, दोन्ही टोकांना तीन-तीन आसांचे चाकांचे गाडे आणि जमिनीत ओतलेलं काँक्रीट. डबा जितका जड, तितका प्रवास शांत, हा त्या काळच्या बांधणीचा हिशेब. जेवणाच्या भागात एका बाजूला चौघांची सहा टेबलं, दुसऱ्या बाजूला दोघांची सहा, म्हणजे एका पंगतीला ३६ जण. भटारखाना आणि पॅन्ट्री मिळून डब्याची जवळजवळ एक तृतीयांश लांबी खातात, आणि प्रवाशांना जायला त्यांच्या कडेने एक अरुंद बोळ. त्यामुळे भटारखान्याला पूर्ण रुंदीही मिळत नाही. शेफ आणि त्याचे तीन-चार कुक तिथे कोळशाच्या शेगडीसमोर उभे असायचे, आणि एकमेकांना ओलांडताना अंग चोरूनच जावं लागायचं. उन्हाळ्यात, वळणावर कलणाऱ्या गाडीत, उकळत्या सुपाची भांडी सांभाळत ते तीन वेळचं जेवण काढत.

ही माणसं कुठे उभी राहायची, हे मला सर्वांत आधी गंजाने दाखवलं. त्या डब्यात थंडावा बर्फाचा असे. छपरावरची झाकणं उघडून बर्फाच्या लाद्या आतल्या पेट्यांत उतरवत. वितळलेलं पाणी नळीवाटे खाली रुळांवर जायचं, आणि नळी तुंबली की जमिनीत मुरायचं. जमिनीवर मॅग्नेसाइटचा थर असतो. तो ओल धरून ठेवतो, आणि त्यातला क्लोराइड खालचं पोलाद खात बसतो. थर फोडून काढला तेव्हा बर्फाच्या पेट्यांखालचा पत्रा बोटाने दाबला तरी भुगा होत होता. भांडी घासायच्या हौदाखाली तीच गत. शेगडीपुढचा पत्रा मात्र ठणठणीत होता, कारण तिथे कायम कोरडी धग. कुठे पाणी सांडलं, कुठे वाफ धरली, कुठे माणूस तासन्‌तास उभा राहिला, हे सगळं त्या पत्र्यावर उमटलेलं होतं. पत्रा कापून टाकण्याआधी मी त्याचा कागदावर नकाशा काढून घेतला. कुठल्याही आराखड्यात ही माहिती नसते.

वाफेच्या नळ्यांवरचं अॅस्बेस्टॉस परवानाधारक माणसांकडून काढून घ्यावं लागतं. तोवर डबा बंद. रंगात शिसं असतं, म्हणून खरवडताना तोंडावर मास्क आणि अंगावर वेगळे कपडे. या दोन गोष्टींत घाई करणाऱ्याला मी शेडमध्ये घेत नाही.

नवा पत्रा बसवताना रिव्हेट की बोल्ट, हा वाद ठरलेला. गोल डोक्याचा बोल्ट दहा पावलांवरून रिव्हेटसारखाच दिसतो आणि एकटा माणूस तो बसवू शकतो. रिव्हेटला चौघं लागतात. एक जण भट्टीत तापवणारा, एक चिमट्यात झेलून भोकात घालणारा, एक मागून वजन टेकवून धरणारा आणि चौथा हवेच्या हातोड्याने पुढचं डोकं घडवणारा. लाल रिव्हेट थंड होताना आकसतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळतो. सांध्याची खरी ताकद त्या आवळण्यात आहे. खालच्या सांगाड्याला आणि बाजूच्या भार पेलणाऱ्या पत्र्याला मी रिव्हेटच लावतो. ते काम करताना चौघांचे हात एका लयीत यावे लागतात, आणि ती लय आता शिकवणारे फार थोडे उरले आहेत. शेडमध्ये आलेल्या तरुण मुलामुलींना मी पहिल्याच हिवाळ्यात रिव्हेटच्या चौकडीत उभं करतो, ते याचसाठी.

खिडक्यांच्या महोगनी चौकटींचं काम त्या मानाने शांत. खालची पट्टी कुजलेली असते, वरचं लाकूड सहसा चांगलं. कुजका भाग तिरका कापायचा, त्याच जातीचं लाकूड सांधायचं, रंधा मारून पातळी जुळवायची. सगळी चौकट नवी करणं स्वस्त पडतं. पण शंभरेक वर्षांपूर्वी एखाद्या सुताराने पटाशीने काढलेला खाचा अजून घट्ट बसत असेल, तर तो फेकून देण्याचा अधिकार मला वाटत नाही.

रंगाचंही तसंच. बारीक पॉलिशपेपरने एकाच जागी उथळ खळगा घासत गेलं की थरांची वर्तुळं उघडी पडतात. सगळ्यात वर करडा, त्याखाली फिकट हिरवा, मग मलईसारखा पिवळा आणि तळाशी पोलादावर लाकडाचे रेषे रंगवलेला तपकिरी. वरचा करडा रंग महत्त्वाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी मोटारींकडे आणि विमानांकडे वळले. डायनिंग कार तर पूर्वीपासूनच तोट्यात चालत. कंपन्या आपल्या नावासाठी तो खर्च सोसत होत्या. असे कितीतरी जुने डबे मग रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळ्यांबरोबर फिरते भटारखाने म्हणून गेले. आमचाही गेला होता. टेबलक्लॉथ गेले, गालिचे गेले, पण शेगडी पेटतच राहिली. १९७१ मध्ये बहुतेक प्रवासी गाड्या अॅमट्रॅक या राष्ट्रीय कंपनीकडे गेल्या, त्या सुमारास हा डबा थाटामाटातून केव्हाच बाहेर पडला होता आणि तरी रोज माणसांना जेवू घालत होता. म्हणून भटारखान्याच्या एका भिंतीवर तो करडा रंग मी ठेवला आहे.

ओटा मोनेल धातूचा आहे, निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू. गंजत नाही, हाताला मऊ लागतो, रंग चांदीपेक्षा थोडा उबदार. त्यावर सुऱ्यांचे हजारो ओरखडे आहेत आणि एका कडेला, बहुधा मांस तोडायच्या जागी, उथळ खळगा पडला आहे. मदतीला येणाऱ्या उत्साही मंडळींना तो बफ मारून आरशासारखा करायचा असतो. मी करू देत नाही. कोमट पाणी, साधा साबण, मऊ कापड, बस्स. ते ओरखडे कुणाच्या तरी हाताचे आहेत, आणि ती माणसं बहुतेक कुठल्याही कागदावर नावानिशी नाहीत.

थोड्यांची नावं उरली. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८६८ मध्ये ‘डेलमॉनिको’ नावाचा, केवळ जेवणासाठी बांधलेला डबा शिकागो अँड ऑल्टन रेल्वेवर आणला, आणि नाव घेतलं न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध हॉटेलचं. त्याच्या डब्यांतली सेवा प्रामुख्याने कृष्णवर्णीय माणसं करत, आणि पहिल्या पिढीतले अनेक जण नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले होते. रुफस एस्टिस १८५७ मध्ये टेनेसीत गुलाम म्हणून जन्मले. पुढे पुलमनच्या खासगी डब्यांत त्यांनी स्वयंपाक केला आणि १९११ मध्ये शिकागोत ‘गुड थिंग्ज टू ईट’ हे पाककृतींचं पुस्तक स्वतःच छापलं. मला त्या पुस्तकाचा फार आधार वाटतो. अशा ओट्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाने आपली विद्या आपल्या नावाने मांडलेली आहे.

जेवणाच्या भागातही भटारखान्याच्या बाजूने बघितलं की वेगळ्या गोष्टी दिसतात. प्रवाशाने आपली ऑर्डर स्वतः कागदावर लिहून द्यायची, वेटरने तोंडी ऑर्डर घ्यायची नाही, असा नियम मेनूवर छापलेला असे. ती चिठ्ठी पॅन्ट्रीच्या खिडकीत जायची. त्या खिडकीची चौकट खालून झिजून गोलसर झाली आहे, आणि ती मी बदललेली नाही.

त्याच खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलाच्या वर, छताच्या पट्टीत आम्हाला लांबी भरून बुजवलेली स्क्रूची भोकं सापडली. डबा दक्षिणेकडच्या मार्गावर चाललेला. जुन्या आराखड्यात त्या जागी पडद्याच्या दांडीची नोंद आहे. तो पडदा कशासाठी असायचा, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात वाचायला मिळतं. १९४२ मध्ये एल्मर हेंडरसन हे सरकारी कामावर निघालेले कृष्णवर्णीय गृहस्थ सदर्न रेल्वेने वॉशिंग्टनहून बर्मिंगहॅमला चालले होते. डायनिंग कारमध्ये भटारखान्याजवळची दोन टेबलं पडदा ओढून कृष्णवर्णीयांसाठी ठेवायची रीत होती. ते गेले तेव्हा त्या टेबलांवर गोरे प्रवासी बसलेले होते. जागा रिकामी होती, पण त्यांना बसू दिलं नाही. बोलावतो म्हणाले, बोलावलं नाही, आणि शेवटी डबाच गाडीतून सोडवून घेतला. हेंडरसन यांनी दाद मागितली. १९५० मध्ये न्यायालयाने ही व्यवस्था आंतरराज्य वाणिज्य कायद्याच्या विरुद्ध ठरवली.

आमच्यातल्या काहींचं म्हणणं, भोकं बुजवलेलीच राहू द्या, लोक छान जुना डबा बघायला येतात. मला ते अजिबात पटलं नाही. आत स्वयंपाक करणारी माणसं कृष्णवर्णीय, वाढणारी कृष्णवर्णीय, आणि त्यांच्याच माणसाला बसायला पडद्याआडची जागा, तीही मिळाली तर. डबा १९३० सालातला दाखवायचा आणि त्या सालातलं एवढंच वगळायचं, तर बाकीच्या अचूकपणाला काय अर्थ उरतो? जुन्या वेटरांच्या घरातली मंडळी आमच्याकडे येत असतात, त्यांचं मत घेतलं. दांडी लावा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पितळेची दांडी आराखड्याबरहुकूम लेथवर करून आम्ही लावली, आणि शेजारी हेंडरसन यांची हकिगत. त्याच मंडळींनी विचारलं, की काम संपल्यावर ही माणसं झोपायची कुठे. जुन्या काळी पुष्कळदा त्याच डब्यात, टेबलं आवरून, खाटा मांडून. खाटा आमच्याकडे नाहीत. जुन्या साठ्यांत त्यांचा शोध चालू आहे.

या कामात मला दख्खनची राणी ही आपली गाडी वरचेवर आठवते. १ जून १९३० रोजी जीआयपी रेल्वेने ती मुंबई-पुण्यामध्ये सुरू केली. सात-सात डब्यांचे दोन रेक, खालचे सांगाडे इंग्लंडमधून आलेले आणि वरची बांधणी माटुंग्याच्या वर्कशॉपची. त्याच वर्षी इकडे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने ‘मार्था वॉशिंग्टन’ ही वातानुकूलित डायनिंग कार रुळांवर आणली. पुढे दोन्हीकडच्या वाटा उलट्या गेल्या. राणीचे डबे बदलत राहिले. १९६६ मध्ये पेरांबूरचे पोलादी डबे आले, जून २०२२ मध्ये एलएचबी बनावटीचे आले. पण त्या प्रत्येक बदलात टेबलखुर्च्यांची डायनिंग कार टिकली. आजही घाट उतरताना माणूस टेबलाशी बसून ऑम्लेट आणि चीज टोस्ट मागवतो. इथे अमेरिकेत आम्ही मूळ पत्रा, मूळ पितळ, मूळ लाकूड जिवापाड सांभाळतो, आणि त्यात कुणी जेवत नाही. सॅक्रॅमेंटोच्या संग्रहालयात ‘सुपर चीफ’ गाडीची १९३७ची ‘कोचिटी’ डायनिंग कार आहे. तिच्या टेबलांवर ज्या चिनी मातीच्या ताटल्या असत, त्यांवरची नक्षी मेरी कोल्टर यांनी प्राचीन मिंब्रेस मातीभांड्यांवरून घेतली होती. फार देखणा डबा. मी तिथे बराच वेळ काढला आहे आणि तिथून दर वेळी भुकेल्या मनाने बाहेर पडलो आहे. माटुंग्याच्या सुतारांचं काम तिकडे जपलं गेलं असतं तर मला आनंद झाला असता. पण दोन्हींतलं एकच निवडायचं तर मी चालू भटारखाना निवडेन.

म्हणूनच शेगडीबद्दल मी हटून बसलो आहे. संग्रहालयाच्या समितीच्या मते ती काळी पॉलिश करून दाखवायला ठेवावी. माझ्या मते ती पेटली पाहिजे. छपरातल्या झडपा उघडल्यावर धूर किती खेचला जातो, बोळाची भिंत किती तापते, शेगडीपुढे उभं राहिलेल्या माणसाला किती सोसावं लागत होतं, हे थंड शेगडी सांगू शकत नाही. तिकीट काढून आलेल्यांना त्यावरचं खायला घालायला आरोग्य खात्याची परवानगी मिळणं कठीण आहे, ते मला मान्य आहे. पण आम्ही काम करणाऱ्यांनी स्वतःसाठी त्यावर शिजवायला अडचण नाही. अग्निशमन अधिकारी येऊन धुराड्याचा पाइप बघून गेले. त्यांनी तो दुहेरी पत्र्याचा करायला आणि भिंतीशी अंतर वाढवायला सांगितलं. पत्रा कापून झाला आहे. अग्निरोधक विटांपैकी निम्म्या जुन्याच वापरता येतील, बाकीच्या मागवल्या आहेत. जाळीचे दोन गज तडकलेले आहेत, त्यांचे लाकडी साचे मी करून दिले आणि ते आता ओतकामाला गेले आहेत.